माझ्या भावाला उन्हानं खाल्लं

"साहेब गेला वं!" आमच्या शेजारच्या जानकाबाईनं ओट्यावरून गल्लीत सांगितलं, आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी उभे असलेले लोक हसले. त्यांच्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "कोन्ता साहेब वं काकू? आता तं सारेच चालले बोरिया-बिस्तर बांधून!" पुन्हा हशा. मी आतल्या अंधाऱ्या खोलीत भावाच्या उशाशी बसले होते. त्याचा हात अजून गरम होता... आणि बाहेरचं हसणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. मग कोणीतरी कोणाला तरी गप्प केलं, टोप्या उतरल्या, माणसं ओट्याशी आली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, दिवसच तसे आहेत, रोज कुठलातरी साहेब विलायतेला निघतो आहे, असं मला सगळे समजावतात. मी समजून घ्यायला तयार नाही.

गल्ली माझ्या भावाला, यशवंतला, साहेब म्हणायची, पण तो कुठल्याही बाजूनं साहेब नव्हता. नागपूरच्या महाल भागातल्या एका पटवाऱ्याचा थोरला मुलगा, आणि मोजणी खात्यात नकाशे उतरवणारा कारकून. पण तो जन्मला तोच पांढराफेक. केस तागासारखे, पापण्याही पांढऱ्या, डोळे फिके आणि उजेडात एका जागी न ठरणारे. अशी मुलं कधीमधी जन्मतात, आमच्याकडे त्यांना भुरा म्हणतात. ते कोड नव्हे, काही नव्हे. पण गल्लीतल्या बायकांनी त्याची पाचवी पुजायच्या आतच कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांचं नाव काढलं. मायनं ते ऐकून घेतलं. पुढे मी जन्मले ती तव्यासारखी काळी, तेव्हा कुठे ती तोंडं मिटली. भाऊ मला जन्मभर चिडवायचा, "माह्या वाटणीचा रंग तूच घेऊन बसली वं गोदे. थोडा तं ठेवायचा होता."

ऊन त्याला लहानपणापासून सोसत नव्हतं. नागपूरचं ऊन कोणाला सोसतं म्हणा, पण आपण काळवंडतो आणि विसरतो. भाऊ काळवंडायचा नाही, तो भाजायचा. नदीवर आंघोळीला गेला की संध्याकाळी पाठीवर फोड आलेले असायचे. थंडीत सगळी गल्ली ओट्यावर बसून ऊन खायची, आणि माय त्याला पदराखाली धरून आत न्यायची. बायका विचारायच्या, "काहून वं, पोराले जरा ऊन खाऊ देत जा ना." माय म्हणायची, "तुम्ही ऊन खाता माय. माह्या लेकराले ऊनच खाते." तेव्हा बायका हसायच्या. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिला रोगाचं नावही ठाऊक नव्हतं, पण हे एक वाक्य तिनं अक्षरशः खरं सांगून ठेवलं होतं.

लांबचं त्याला धूसर दिसायचं, पण जवळचं इतकं बारीक की नकाशातल्या शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, रेघ तो केसासारखी ओढायचा. म्हणून तर मोजणी खात्यात त्याला नकाशाघरात घेतलं होतं. जाड भिंती, उंच छत, दिवसभर सावली. त्याच्यासाठीच बांधल्यासारखी ती नोकरी होती आणि तो तिच्यावर खूश होता. ती टिकली असती तर हा लेख मी लिहीत नसते.

झालं असं की एका फाल्गुनात मोजणीचा माणूस आजारी पडला आणि साहेबांनी भावाला हुडकेश्वरच्या शिवारात नेलं. साहेब म्हणजे त्याचे वरचे अधिकारी. गोरे नव्हते, आपलेच होते. शेताच्या धुऱ्यावरून दोन घरांत काठ्या निघालेल्या. भाऊ गाडीतून उतरला आणि काठ्या खाली गेल्या! "गोरा साहेब आला गा" म्हणत माणसं उठून उभी राहिली, जोडे काढले. भाऊ म्हणत राहिला, "अरे मी साहेब नाही गा, मी महालातला यशवंत आहे." तर एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पाय गा, साहेब मराठी कशी झकास बोलून राहिला!" हे सांगताना भाऊ हसून हसून लोळायचा. मीही हसायचे. पण त्या अधिकाऱ्याला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, त्याला सोय दिसली. त्या दिवसापासून जिथे गावकरी अडून बसतील तिथे भावाला पुढे करायचं ठरलं. पिकं निघाल्यापासून मिरगापर्यंत, म्हणजे नेमके उन्हाळ्याचे सगळे महिने, तो शिवाराशिवारातून उभा असायचा. साखळीनं जमीन मोजणारे आकडे ओरडायचे आणि हा वहीत उतरवायचा. त्यानं किती वेळा हात जोडले, "मला नकाशाघरातच राहू द्या, ऊन सोसत नाही." उत्तर ठरलेलं होतं : "अरे, तुझा चेहराच आमचं अर्धं काम करतो!"

तेव्हा त्यानं सदरातल्या दुकानातून टोप आणला. साहेब लोक घालतात तो, रुंद कडेचा, आतून भेंडाचा. पगडीनं डोकं झाकतं, पण कान, नाक, ओठ उघडेच राहतात. टोपाची सावली थेट गळ्यापर्यंत येते. पहिल्या दिवशी तो घरी आला तो नाचतच. "गोदे, आज पहिल्यांदा डोळे उघडून चाललो वं!" तो आनंद चार दिवसही पुरला नाही. कँपावर आलेल्या एका जमादारानं भावाला पाहून खाडकन सलाम ठोकला, अधिकाऱ्याच्या आधी. अधिकाऱ्याचं तोंड पडलं. दुसऱ्या दिवशी भावाला बोलावून सांगितलं, टोप कोणी घालायचा हे ठरलेलं असतं, कारकुनानं पायरी सोडू नये. छत्री? छत्री साहेबांसमोर उघडायची म्हणजे तर बेअदबीच. म्हणजे पाहा, गावकऱ्यांना दाखवायला त्यानं साहेबासारखं दिसावं, पण साहेबासारखी सावली मागू नये!

टोप घरी राहिला. सुटीच्या दिवशी बाजारात जाताना तेवढा तो घालायचा. मग विलायती कपड्यांच्या होळ्या पेटायला लागल्या. इतवारीच्या चौकात पोरांनी त्याला अडवलं. "हा पाहा देशी साहेब! काढ टोप!" अंगात खादीचा सदरा होता त्याच्या, माझ्या हातानं शिवलेला. तो त्यांना दिसला नाही. भावानं वाद घातला नाही, स्वतःच्या हातानं टोप काढून होळीत टाकला आणि भर दुपारी बोडक्या डोक्यानं घरी आला. कान लालभडक झाले होते. मी संतापून त्या पोरांना नाही नाही ते बोलले, तर मलाच म्हणतो, "त्यायचंही खरं आहे वं. त्यायले काय माहीत, मी कशाले घालतो ते?" नव्हतं खरं. तेव्हाही नव्हतं आणि आज तीच पोरं पुढारी होऊन भाषणं देतात तेव्हाही नाही. विचारायला काय होत होतं? एकानं विचारलं असतं, "काहून घालता गा?"... एवढंच!

त्यानंतर काही वर्षांनी उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची. आम्ही हळद लावली, खोबरेल तेल लावलं. वैद्यबुवांनी उष्णता झाली म्हणून लेप दिला. भाऊ दर सकाळी कानाला हात लावून म्हणायचा, "आहे वं अजून, भाडेकरू जाऊन नाही राहिला." मग खालच्या ओठावर तसंच, मग कानशिलावर. कानाची कड झिजायला लागली आणि लोकांनी ओळखलं, म्हणजे त्यांना वाटलं त्यांनी ओळखलं. महारोग! आता कामठीच्या छावणीची गोष्ट जुनी झाली होती, ही नवी मिळाली. लकडगंजात आमच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. भाऊ पंगतीला बसला तर त्याच्या दोन्ही बाजूंची पानं गुपचूप उचलली गेली. मधे एकटा भाऊ. वाढपी वरूनच, लांबूनच वरण सोडायचा. भावानं बुंदीचा लाडू मागून घेतला, सगळं पान स्वच्छ केलं आणि उठला. टांग्यात मला रडू आवरेना, तर म्हणाला, "रडून काय राहिली? लाडू चांगले होते."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा नीट पाहिलं. महारोग नव्हे, म्हणाले, कातडीचा कर्करोग आहे, उन्हानं होतो, अशा गोऱ्या माणसांना लवकर होतो. मुंबईला किरणांचा उपचार करतात. भाऊ त्यांना म्हणाला, "म्हणजे अजून किरणंच न डॉक्टर?" डॉक्टरांनाही हसू आलं. मुंबईला जाणं झालं नाही, इथेच कान कापावा लागला. पट्टी बांधताना ते मला म्हणाले, "बाई, आता यांना सावलीत ठेवा." आता! मी त्या डॉक्टरांवर रागावले नाही, बिचाऱ्यांचं काम ते करत होते. पण तो शब्द माझ्या कानात अजून आहे.

आणि सावली मिळाली. कान गेलेला, ओठ ओढलेला माणूस पाहून गावकरी उठून उभे राहत नव्हते, बाजूला होत होते. अधिकाऱ्याला त्याचा काही उपयोग उरला नाही. भावाला परत नकाशाघरात पाठवलं. चेहरा होता तोवर उन्हात, आणि चेहरा उन्हानं खाल्ला तेव्हा सावलीत... तिथेही त्याचं टेबल कोपऱ्यात, पडद्यामागे. हे मी उगाच कडवट होऊन लिहीत नाही, हे घडलंय.

पुढची वर्षं आम्ही दोघांनी त्या रोगाशी संसार केला. त्याचं लग्न झालंच नव्हतं, कोणी मुलगी दिली नाही. माझं कुंकू लवकर पुसलं गेलं म्हणून मी माहेरी परतून शाळेत शिकवत होते. तो उजाडायच्या आत कचेरीत जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. कुठे नवी खपली दिसली की आरसा घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि विचारायचा, "हा कोन्ता तालुका वं?" नकाशावाल्याची थट्टा ती. डॉक्टर कापायचे, भरून यायचं, पुन्हा दुसरीकडे उगवायचं. तो काही संत नव्हता. वरणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा, पत्त्यात चक्क लबाडी करायचा, आणि दुखायला लागलं की माझ्यावरच ओरडायचा. कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुताना मीही ओरडायचे. पौषात गल्ली ओट्यावर ऊन खायला बसली की तो आतून हाक द्यायचा, "माह्या वाटणीचं ठेवू नका गा, खाऊन टाका सारं!" बाहेरचे हसायचे. मला माय आठवायची.

गेल्या वर्षापासून गोरे लोक सामान विकून जायला लागले. सिव्हिल लाइनीतल्या एका बंगल्याच्या लिलावात मला टोपांचा ढीग दिसला, कोणी हात लावत नव्हतं. मी एक उचलला. चांगला, घट्ट, रुंद कडेचा. घरी आणून त्याच्या हातात दिला तेव्हा त्याचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं होतं. त्यानं टोप डोक्याशी नेला, तो अर्थातच बसला नाही. बराच वेळ त्यानं तो फिरवून फिरवून पाहिला, आतलं कापड चाचपलं. म्हणाला, "आता सारेच घालू देतील नाही वं?" मग त्यानंच त्याचा उपयोग शोधला. त्याच्या बाजेसमोरच्या खिडकीची एक फळी फुटलेली होती आणि दुपार कलली की तिथून उन्हाची तिरीप नेमकी उशीवर यायची. पूर्वी तो बाज सरकवायचा, आता हलवत नव्हतं. त्या फळीवर खिळा ठोकून त्यानं टोप टांगायला लावला. तिरीप बंद झाली. तेवढ्या सावलीत तो शेवटचा उन्हाळा निजला.

त्याला नेलं ते भर दुपारी. आपल्यात मेलेल्याचं तोंड उघडं ठेवून नेतात. पण नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धोतराचं टोक ओढून त्याचा चेहरा झाकला. "कोणाले दिसलं नाही पाहिजे," असं हळूच म्हणाले. मायशिवाय जन्मभर ज्याच्या तोंडावर कोणी सावली धरली नाही, त्याचं तोंड शेवटी झाकलं ते किळस आली म्हणून. मी दारात उभी राहून हे पाहिलं. मी हे विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नये म्हणून लिहिते आहे.

परवा जानकाबाई झेंडा शिवायला माझ्याकडे बसली होती. स्वातंत्र्याच्या दिवशी गल्लीत घराघरावर लावायचेत. शिवता शिवता तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. "हे काय वं मास्तरीणबाई, झेंड्याच्या घरात हा गोऱ्यायचा टोप काहून ठेवून राहिल्या? लोक नावं ठेवतील." आणि मी उठायच्या आत तिनं तो खिळ्यावरून काढला. दुपार कलली होती. तिरीप आत आली आणि सरळ त्याच्या उशीवर पडली. मी झेंडा खाली ठेवला, टोप तिच्या हातातून घेतला आणि परत जागेवर टांगला. ती म्हणाली, "आता कोणासाठी वं?" बाज रिकामी आहे, हे मलाही दिसतं. पण त्या उशीवर ऊन पडलेलं मला बघवत नाही.