पहिल्या पडद्यावरचा देव

आमच्या गावच्या दूध संस्थेतला कॉम्प्युटर सुरू केला की आधी कुठल्या तरी परदेशी डोंगराचं चित्र यायचं, मग पासवर्ड, मग चिन्हांची जत्रा, आणि त्या जत्रेत कुठंतरी हरवलेला दूध संकलनाचा प्रोग्रॅम. हे सगळं सकाळ-संध्याकाळ मी सांभाळायची. आई दूध मोजायची, फॅट बघायची. मी आकडे भरून पावती काढायची. कामावर मात्र आईच होती. मी नुसती तिची लेक, फुकटची.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली आणि घरात आनंदाच्या आधी काळजी शिरली. आमचं गाव गगनबावड्याच्या रस्त्यावर. तिथून कागल गाठायचं तर पहाटेची एसटी धरायला हवी, म्हणजे सकाळचं संकलन एकट्या आईवर. संस्थेच्या चेअरमननी तोंडावरच सांगितलं, "लेक गेल्यावर मशीन कोन चालवनार? तुमास्नी जमलं तर बगा, न्हायतर दुसरं मानूस ठेवाय लागंल." आईला कॉम्प्युटर जमला नाही तर एक तर तिचं काम जाणार, नाही तर माझी नोकरी. आईचं काम मी जाऊ देणार नव्हते. म्हणजे जाणार होती ती माझी नोकरीच.

मी चंग बांधला. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत कॉम्प्युटरच्या पोटात, एरवी कुणी उघडत नाही अशा सेटिंगांमध्ये शिरले. पासवर्ड काढून टाकला. प्रोग्रॅम आपोआप उघडेल असं केलं. चिन्हं लपवली, खालची पट्टी लपवली, अक्षरं मोठी केली. एके ठिकाणी काहीतरी भलतंच बदललं आणि पडदा पार काळाठिक्कर पडला; पण जुनी सेटिंगं परत आणता आली. शेवटी एवढंच उरलं: बटण दाबायचं, पहिलं चित्र आलं की एंटर दाबायचा, की समोर थेट दूध. आई अक्षरं जुळवत वाचते, पण आकड्यांना पक्की आहे. आठवडाभर माझ्यादेखत तिनं सगळं केलं आणि "एवडंच व्हय? आनि ह्येच्यासाठी एवडा तोरा?" म्हणून मलाच चिडवलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मला हौस दांडगी. जायच्या आदल्या संध्याकाळी, आई घरी गेल्यावर, तो परका डोंगर काढला आणि त्या जागी आमच्या ग्रामदैवताचा पालखीतला फोटो लावला. सकाळी सकाळी दर्शन होईल, आईला बरं वाटेल, असा विचार. तिला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शहरात रंकाळा स्टँडला एसटीतून उतरले आणि फोन वाजला.

"अगं, देव आलाय," आई हळूच म्हणाली. आमची आई हळू कधी बोलतच नाही.

"व्हय, मीच लावलाय त्यो. एंटर दाब."

"देवाला?"

"म्हंजे?" मी विचारलं.

"देव म्होरं बसलाय नव्हं," आई म्हणाली, "आनि बटान दाबून त्येला घालवायचा व्हय?"

तिकडचा प्रकार मग हळूहळू कळला. दूध घेऊन आलेल्या सगळ्या बायकांनी चपला बाहेर काढल्या होत्या. एक जण उदबत्ती आणायला गेली होती. किटल्या ओळीनं मांडून सगळ्या हात जोडून उभ्या होत्या आणि देव आपणहून उठायची वाट बघत होत्या. देव कसला उठतोय! तेवढ्यात पडदा विझला. वीज वाचवायला तो आपोआप विझतो. ती सेटिंग बदलायचं मला सुचलंच नव्हतं. मग तर एकीनं जाहीरच केलं, "देव रुसला."

मला हसू आलं, पण तेवढ्यात घड्याळाकडं नजर गेली. दुधाची गाडी यायची वेळ झाली होती, आणि ती कुणासाठी थांबत नाही. गाडी रिकामी गेली असती तर चेअरमन दुपारपर्यंत दुसरं माणूस शोधायला मोकळे.

"आई, गुरव रोज देवाला उठवतो की. तसंच समज. एका एंटरनं पडदा उजळंल, दुसऱ्यानं दूध येईल."

"गुरव आंगूळ करून उठवतोय. माझं हात शेनाचं हायत."

समोर कागलला नेणारी कंपनीची बस लागली होती. माझा एक पाय पायरीवर. "ऱ्हाऊ दे," मी म्हणाले, "मी माघारी येतो."

"येऊ नगंस!" आता आईचा आवाज नेहमीचा होता, गल्लीभर जाणारा. मग नळाचं पाणी ऐकू आलं. बराच वेळ. आणि मग ती मोठ्यानं म्हणाली, पण मला नव्हे:

"देवा, लेकीच्या नोकरीचा पयला दिवस हाय. जरा बाजूला सरक बाबा. उद्या परत ये बसायला."

पुढं काहीच ऐकू येईना. बसचा ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई, येनार हाय का न्हाय?" मी हातानंच थांबा म्हटलं. मग फोनमधून करकर आली, प्रिंटरची. पहिली पावती. पाठोपाठ सभासदाचा नंबर पुकारणारी आई, आणि पुन्हा करकर.

मी बसमध्ये चढले आणि खिडकीशी मटकन बसले. "सुटले बाई," असं मोठ्यानंच तोंडातून निघालं. शेजारची बाई बघायला लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. डोळे पुसत मी फोनमध्ये म्हटलं, "आई, बंद करताना काय करायचं ते सांगू?"

"काय सांगतीस आता? हितं रांग लागलीया. ठेव फोन," आई म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनंच तो ठेवून दिला.