आप्पांचा आवाज गाडीत

दादाने जुनी गाडी घेतली तेव्हा आम्ही सुरतेत नवागामला राहत होतो. हजीऱ्याच्या एका कारखान्यातल्या साहेबांना ने-आण करायचं काम त्याला मिळालं होतं. ठेकेदाराची अट एकच होती, हाक मारली की ड्रायव्हर सापडला पाहिजे. म्हणून दादाने मोबाइलही घेतला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच मोबाइल.

गाडी आधी कापडाच्या एका व्यापाऱ्याची होती. त्याने तिच्यात हँड्स-फ्री बसवून घेतला होता. गिअरच्या वर फोन अडकवायचं काळं स्टँड, आरशाजवळ बोराएवढा माइक आणि पायाशी एक स्पीकर. फोन स्टँडमध्ये बसवला की दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बोलता येतं, असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. दादाने मोठ्या हौसेने आपला नवा फोन त्यात घालून पाहिला. तो आत गेला आणि सैल दातासारखा हलत राहिला. खालच्या पट्ट्या जुळेनात.

"काढून टाका ते," वहिनी म्हणाली. "गुडघ्याला लागतं."

दादाने काढलं नाही. सुटीच्या दिवशी तो मला घेऊन मोबाइलच्या दुकानांतून हिंडला. प्रत्येक दुकानदार स्टँडचं वर्णन ऐकायचा आणि मान हलवायचा. "भाई, आ फोन आमां नहीं बेसे," एकाने शेवटी समजावून सांगितलं. हे स्टँड एकाच कंपनीच्या एका जुन्या फोनसाठी बनवलेलं होतं, दुसरा कुठला फोन त्याला चालणार नव्हता. तसा एक फोन त्याच्याच टेबलाच्या खणात पडलेला होता. जाडजूड, विटेसारखा, अँटेनाचं टोक चावलेलं. दादाने आपला नवाकोरा फोन देऊन तो घेतला. दुकानदारालाच वाईट वाटलं असावं, त्याने चार्जर फुकट दिला.

फोन स्टँडमध्ये खटकन बसला, पडदा हिरवा झाला, पण आवाज येईना. मग उधन्यातल्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने सीटखालची चटई उचलली तर उंदराने वायर कुरतडलेली. त्याने ती जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि मला समोरच्या एस.टी.डी. बूथवरून फोन लावायला सांगितलं. मी लावला. पलीकडून दादाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला, "ऐकू येतंय. तू बोलत राहा." काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी बूथवर लिहिलेल्या गावांची नावं वाचत राहिले.

आता आप्पांविषयी सांगायला हवं. आप्पा म्हणजे आमचे वडील. धुळ्याकडच्या गावातून तरुणपणी सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांवर, लागले ते म्हातारपणापर्यंत तिथेच राहिले. त्या खडखडाटाने त्यांचे कान नेले. घरी आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. जेवायला चला, औषध घेतलं का, पाणी आलं, एवढंच. ओरडून जेवढं बोलता येतं तेवढंच आमच्यात बोललं जायचं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बूथवर गेलो की ते रिसीव्हर कानाला लावायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि आईच्या हातात द्यायचे. "तूच बोल."

गावी त्यांची एकच बहीण होती, आमची आत्या. आजी तिच्याकडेच वारली. आप्पा गाडी पकडून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर बहीण-भाऊ लग्नाकार्यात भेटले, पण मांडवात काय बोलणार.

एका रविवारी दादाने आत्याच्या शेजारच्या घरी फोन लावला, तिला बोलावून ठेवायला सांगितलं आणि आप्पांना गाडीत बसवलं. गल्लीत लूमचा आवाज होता म्हणून काचा वर केल्या. मी मागे बसले. दादाने स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पुन्हा फोन लावला.

"भाऊ!" आत्या सवयीने किंचाळली. गाडीच्या काचा थरथरल्या.

आप्पा दचकले. त्यांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाने माइककडे बोट दाखवलं. आप्पा त्या बोराएवढ्या माइककडे वाकले आणि म्हणाले, "आरडू नको. माले ऐकू येस."

मग आत्या अगदी हळू बोलली. "मंग इतला दिन का बरं बोलना नही?"

आप्पा गुडघ्यांवरून हात फिरवत राहिले. आत्याच बोलायला लागली. आधी विहिरीचं पाणी, मग सुनेचं बाळंतपण, आणि मग मध्येच, काही न सांगता, आजीच्या शेवटच्या दिवसांवर आली. आजी कशी होती, काय खात होती, दाराकडे तोंड करून झोपायचा हट्ट कसा करत होती. अशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. मांडवातही सांगता येत नाहीत. आत्याने त्या इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या.

दादाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं गाडीतून उतरलो, दारं हलकेच लावली आणि पलीकडच्या नळाजवळ जाऊन उभे राहिलो. काचेतून आप्पांची मान दिसत होती. ते ती मधूनमधून हलवत होते.

नंतर ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. दादाला एवढंच म्हणाले, "फोन चांगला शे."

त्यानंतर दर रविवारी आप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गाडीत जाऊन बसायचे. शेजारच्या बायका हसायच्या, मग त्यांनाही सवय झाली. बिल आलं की वहिनी कुरकुरायची, पण रविवारी गाडी भाड्याला द्यायची वेळ आली की तीच दादाला म्हणायची, "सकाळी नको, दुपारनंतर सांगा."

एकदा आप्पा असेच गाडीत बसलेले असताना मी दादाला, त्यांना फोन उचलायचं बटण दाखवून, खाली उतरायला लावलं, स्वतः समोरच्या बूथवर गेले आणि त्यांना फोन लावला. माझं लग्न ठरत होतं आणि मुलगा कसा वाटला हे मला कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. बूथच्या काचेतून ते मला समोरच दिसत होते, आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता बराच वेळ बोललो.