कुलूप लागलेल्या घराची अट

रोझिना वॉटसन ऑस्ट्रेलियात, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या पश्चिमेला, वाळवंटातल्या एका आदिवासी वस्तीत राहते आणि कोठडीतून सुटलेल्या आपल्या समाजातल्या पोरांना घरी आणते. तिचा मुलगा सुटला होता तेव्हा त्याला आणायला कोणी गेलं नव्हतं. तो शहरातच राहिला आणि पुन्हा आत गेला. तेव्हापासून जुनी टोयोटा घेऊन ती स्वतः जाते. वाटेत पोराला भाजलेली कांगारूची शेपटी खायला घालते, उपदेश करत नाही.

मार्चमध्ये तिने केल्विनला आणलं. सोळा वर्षांचा, मोटारचोर. अट एकच होती: संध्याकाळी सातनंतर आजीच्या घरात असायचं. चुकला तर परत कोठडी.

एका गुरुवारी सकाळी आजी गेली. दुपारपर्यंत बायकांनी डहाळ्यांनी घर आणि अंगण झाडलं, दाराला कुलूप लावलं. मयत झालेल्या घरात, रीतीप्रमाणे, आता कित्येक महिने कोणी पाऊल टाकणार नव्हतं. घरची माणसं वस्तीबाहेर, झाडांखाली दुखवट्याला बसली.

रोझिनाने देखरेख अधिकाऱ्याला फोन लावला. तो सातच्या तपासणीसाठी शहरातून निघाला होता आणि वाटेत रेंज नव्हती.

"मावशी, मी घरात जाऊन बसू?" केल्विनने विचारलं.

"गेलास तर तुझे मामाच तुला फोडतील."

"नाही गेलो तर तो नेईल."

"माहीत आहे. चल."

तिने त्याला आजीच्या घराच्या फाटकाबाहेर बसवलं, शेजारी स्वतः बसली. लांबून मामा बघत होते. सूर्य टेकला आणि रस्त्यावर धूळ उठली. केल्विन उठायला लागला. तिने त्याचा शर्ट धरला.

"पळालास तर मी मागे येणार नाही. माझे गुडघे गेलेत."

अधिकारी क्रेग गाडीतून उतरला. "हा बाहेर का?"

"घरात मयत झालंय."

"आदेशात घर म्हटलंय, रोझिनाबाई."

"मग तूच जा आत. तुझ्या बुटांचे ठसे सकाळी सगळी वस्ती बघेल. पुढच्या खेपेला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही तुला."

क्रेगने फाटकावर हात ठेवला. मामा उभे राहिले. अंगणातल्या लाल मातीवर डहाळ्यांच्या रेघा होत्या, पाऊल एकही नव्हतं. क्रेगने हात काढला.

"हा झोपणार कुठे? मला जागा कळवावी लागेल."

"तिकडे, तिसऱ्या शेकोटीपाशी. आधी दुखवट्याला बसलेल्या सगळ्यांचे हात हातात घे, आमची रीत आहे, मग बोल."

क्रेगने झाडांखाली जाऊन एकेकाचा हात धरला. मामांचेही. शेवटी केल्विनचा.

"उद्या सातला इथेच दिसायचंस," तो म्हणाला.

"दिसेल," रोझिना म्हणाली. "येताना पिठाचं पोतं आण. माणसं बरीच आहेत."