हार घातलेल्या बाईची शपथ
फिनेलचा वास आला की दौंडचा दवाखाना आठवतो. पायाला कुऱ्हाड लागली होती, आन् मी पट्टी सोडून जखमेत तंबाखू भरायचो. नर्सबाई रोज धुऊन काढायची, मी रोज भरायचो. "आबा, अशानं पाय कापावा लागंल," ती म्हणाली. "पाय माझा हाय," मी म्हणालो. भिंतीवर एका बाईचा हार घातलेला फोटो होता. डोक्यावर पदर, हातात दिवा. मी हळूच विचारलं, "तुमच्या आई कवा गेल्या?" ती गंभीर तोंडानं म्हणाली, "लई वर्षं झाली. लढाईत सैनिकांच्या जखमा धुवायच्या. जखमेत तंबाखू भरणार नाही, अशी त्यांची शपथ घ्या." गेलेल्या माणसापुढं नाही कसं म्हणायचं? घेतली. पाय बरा झाल्यावर कळलं, फोटोतली बाई विलायतेची, नर्सबाईची आई नव्हतीच. पण शपथ ती शपथ. आजही जखमेला तंबाखू लावत नाही. खातो मात्र, त्याची शपथ घेतली नव्हती.