दिवा इंजिनाचा, दोष माझ्या गेरचा

गाडी बिघडली आणि चालवणारी बाई असेल, तर आमच्याकडे बिघाड शोधत नाहीत. बाईच सापडलेली असते.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या गाडीत इंजिनाचा दिवा लागला. कुरकुंभच्या औषध कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. शिरूरकडच्या आमच्या गावातून न्हावरा, चौफुला करत स्वतः गाडी चालवत जाते. हायवेला वेग घेतला की गाडी आचके द्यायला लागली, म्हणून ती दौंडच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. कोड आला: मिश्रण लीन, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

"कशामुळे?" मी विचारलं.

"साहेबांना फोन लावून द्या ना, मॅडम."

साहेब म्हणजे माझा नवरा. त्याने शिरूरच्या बँकेत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला. तो सेन्सर बिचारा धुरात ऑक्सिजन जास्त आहे हे खरं तेच सांगत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! दिवा पुन्हा लागला, तेव्हा मिस्त्रीने फोनवर नवऱ्याला सांगितलं, "मॅडम गेर उशिरा टाकत्यात. गाडी ताणली जाती." मी समोरच उभी होते.

घरी आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निकाल देऊन टाकला. "पोरी, इकून टाक ती गाडी. कंपनीची बस हाय की."

बस चौफुल्यापर्यंतच येते, आणि रात्री तिथून गावाला काहीच मिळत नाही. गाडी गेली की दुपारची पाळी गेली, आणि पाळी गेली की नोकरी. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी आप्पा तसं बोलले, याचाच मला राग आला.

मग मी स्वतःच एक स्कॅनर मागवला आणि मोबाइलला जोडला. गाडी उभी असताना आकडे ठीक होते. वेग वाढला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत वाढवत मेटाकुटीला यायचा. कुठला पाइप फुटून हवा शिरत असती, तर उभ्या गाडीतच जास्त बोंब झाली असती. म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सरच ती कमी मोजत होता. रविवारी अंगणात दोन स्क्रू सोडवून मी तो बाहेर काढला. केसाएवढ्या तारेवर पिवळा थर होता. पाइपातही तीच पूड होती. बोटावर घेऊन वास घेतला. हळद!

खंडेनवमीला गाडीच्या पूजेआधी नवऱ्याने हवेचा फिल्टर झटकायला काढला होता आणि त्याचा डबा उघडाच ठेवला होता. आप्पांनी येळकोट करत त्या उघड्या इंजिनावर मुठी भरभरून भंडारा उधळला. मग कुणी काही न पुसता फिल्टर तसाच बसवला. दोघांचं काम, आणि नाव माझ्या गेरचं!

मी सेन्सर दोघांच्या नाकासमोर धरला.

आप्पा म्हणाले, "देवाचा भंडारा कवा कुणाचं वाईट करत न्हाई."

नवरा म्हणाला, "एकदा मिस्त्रीला दाखवून खात्री करून घेऊ."

मी तार स्प्रेने धुतली, वाळवली, सेन्सर बसवला आणि कोड पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले, तर किल्ली बँकेतून अर्धी रजा घेऊन आलेल्या नवऱ्याच्या हातात. "आठवडाभर मी चालवून बघतो, मग तू ने. काळजीनं म्हणतोय गं."

"काळजी असेल तर शेजारी बस," मी म्हणाले आणि किल्ली काढून घेतली.

तो बसला. हायवेला लागून मी मुद्दाम वेग घेतला. एक आचका नाही, दिवा नाही. साहेब मात्र सबंध रस्ताभर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. परत जायला एसटी मिळावी म्हणून मी त्याला पुढच्या फाट्यावर उतरवलं. दार लावता लावता तो म्हणाला, "बरी चालवतेस की!"

माझं लायसन्स त्याच्याआधीचं आहे.