बांगडा, भात आणि शेजारचं टेबल

स्कारबरोतलं ते ग्रोसरीचं दुकान मला कधीच आवडलं नाही. फरशी चिकट, ट्रॉलीचं एक चाक कायम रुसलेलं, आणि मालक असा की पैसे घेतानाही आपल्यावर उपकार करतोय. श्रीलंकेचा तमिळ माणूस. तरी दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मी आईला तिथेच न्यायचे, कारण आई पोटभर जेवायची ती फक्त तिथे. आमच्या बेसमेंटच्या वर राहणारे घरमालक कट्टर शाकाहारी. घरात मासे शिजवायचे नाहीत या बोलीवरच जागा मिळाली होती. वसईहून इकडे परदेशात माझ्याकडे आलेली आई आठवडाभर डाळभात चिवडत बसायची आणि वाळत चालली होती.

दुकानात मागच्या बाजूला गरम जेवणाचा काउंटर आणि चार टेबलं. आई बांगड्याचं कालवण आणि भात घ्यायची, बोटांनी काटे काढत सावकाश जेवायची. "तिखट बरं हाय," एवढंच म्हणायची. मी समोर बसून तिचं ताट रिकामं होताना बघायचे. आठवड्यात तेवढाच वेळ माझा जीव थाऱ्यावर असायचा.

त्या रविवारी शेजारच्या टेबलावर एक बाई डोसा खात होती, सोबत नवरा. आमच्याकडे बघून तिने नाक मुरडलं. आईच्या अंगात मिस्साला घातलेला फ्रॉक, गळ्यात क्रूस. आम्हाला काही कळणार नाही अशा खात्रीने ती नवऱ्याला स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "काय घाण वास येतोय. या लोकांना चारचौघांत कसं खायचं तेही कळत नाही. त्या म्हातारीचे हात बघ."

आईने हात टेबलाखाली घेतले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती म्हातारी माझी आई आहे," मी मराठीतच म्हणाले. "आणि तिला तुमचं सगळं कळलं."

वाटलं, बाईला मेल्याहून मेल्यासारखं होईल. कसलं काय. तिचा चेहरा चक्क फुलला. "अय्या, तुम्ही मराठी? वाटतच नाही हो. आमच्या दिवाळीच्या पॉटलकला या ना. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असतो. फक्त व्हेज आणा हं."

नवरा फोनमध्ये डोकं घालून बसला. सॉरी कुणाच्याच तोंडून निघालं नाही. वाटतच नाही म्हणे. आमच्या सात पिढ्या मराठीत भांडल्या, रडल्या, मराठीत प्रार्थना करत मेल्या, आणि ही बाई सांबार ओरपत मला सर्टिफिकेट देणार.

"तुमच्या पॉटलकला तुमचं तुम्हीच जेवा," मी म्हणाले. बोलून बरं वाटलं, पण आईच्या ताटातला बांगडा तसाच राहिला. त्या बाईला मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पुढच्या रविवारी आई दुकानाच्या दारातच थांबली. "पार्सल घे. गाडीत खाऊ."

मी हुज्जत घातली. ती बाई आज नाहीये, आली तरी मी बघून घेईन, सगळं सांगून पाहिलं. ऐकेना. शेवटी पार्किंग लॉटमध्ये, हीटर चालू ठेवून, मी तिच्या मांडीवर डबा ठेवला. तिने झाकण उघडलं, एक घास घेतला. तेवढ्यात शेजारी एक गाडी येऊन लागली. आईने त्या गाडीकडे पाहिलं आणि डब्यावर पुन्हा झाकण ठेवलं.

"काचा नीट लागल्यात ना?" तिने हळूच विचारलं. "वास बाहेर जाईल."