नंदाचे पाणी

बाळांनो, नंदाआत्या पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येते आहे. दर चार तासांनी ती छोटी पिशवी घेऊन बाथरूममध्ये का जाते, हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. आज तिची लघवी काढायची नळी उकळताना तो रबरी वास आला आणि मला जळगावची शाळा आठवली.

माझ्या नंदाच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष होता, त्यामुळे शी-शू कळत नसे. शीची वेळ आम्ही बसवली होती. सकाळी दुधानंतर अर्धा तास संडासात. लघवीसाठी मधल्या सुट्टीत मी शाळेत जाऊन नळी घालायची. तरी फ्रॉक ओला झाला की मुली हसत. म्हणून मी तिचे पाणीच तोडले, तेही आपल्या उन्हात! फ्रॉक कोरडा राहू लागला आणि मी खूश झाले.

एके दिवशी शाळेतल्या शिपाई सखूबाईंनी मला गाठले. "अक्का, तुमनी पोर दिवसभर पानी पेत नही. मरी जाई ना ती!"

मी तिला डॉक्टरांकडे नेले, तेही रागावले. "मूत्रपिंडं घालवायची आहेत का? पाणी भरपूर द्या, नळी वेळेवर घाला."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नंदा माझ्यासमोर दोन पेले पाणी प्यायली आणि नळीची पिशवी हिसकावून म्हणाली, "तू बाहेरच थांब. मी रोज बघते, मला येतं."

सात वर्षांची होती. मी शाळेच्या बाथरूमबाहेर थांबले. ती हात धुऊन आली आणि थेट वर्गात गेली.

पाणी तोडले तेव्हा मला कोरड्या फ्रॉकचीच काळजी होती. नंदाची दोन्ही मूत्रपिंडे आजही उत्तम चालतात.